रुमालाखालचा दवाखाना

आमच्या ह्यांना गावात अजून 'आमदारसाहेब' म्हणतात. एकदा निवडून आलेला माणूस आमच्या भागात मरेपर्यंत आमदारच राहतो; मग तो पुढं पडो, नाहीतर दुकानात बसून हळकुंडं निवडो. मी कधी त्यांना साहेब म्हटलं नाही. मी 'अहो' म्हणते, आणि राग आला की तेवढंही म्हणत नाही. राग मला पुष्कळ येतो, हे आधीच सांगून ठेवते. त्या वर्षांबद्दल कुणी विचारलं की हे हात जोडतात, 'झाली थोडीफार लोकांची सेवा' म्हणतात आणि पावसापाण्याचं काढतात. मला ते ऐकवत नाही. काय सेवा झाली आणि काय झाली नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? म्हणून मीच सांगते.

माझं माहेर माणमधलं, दहिवडीच्या बाजूचं. वडील फौजेत हवालदार होते. ते रजेवर आले की गल्लीच्या त्या टोकाला कळायचं. आमच्या घरात भांडण मोठ्यानं, माया मोठ्यानं, आणि शेजारणीला हाक तर त्याहून मोठ्यानं. दिवसभर माळावर शेरडं हाकणाऱ्या बायकांना हळू बोलून कसं चालेल? लग्न होऊन मी सांगली जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी आले, तर इथं सगळंच उलटं. सासऱ्यांचा हळदीचा व्यापार. गावात दुकान, सांगलीच्या बाजारात अडतीचा गाळा. घरात कुणी आवाज चढवायचा नाही. सासूबाई मला पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या, "सूनबाई, तुमचं बोलणं रस्त्यावर ऐकू जातंय." मी म्हटलं, "जाऊ दे की, खोटं थोडंच बोलतेय?" झालं, तेव्हापासून मी त्या घरात वाईटच.

हा हळू बोलण्याचा रोग बाजारातून आलेला होता. जुन्या अडत्यांची सौद्याची एक पद्धत होती. अडत्या आपल्या हातावर रुमाल टाकून बसायचा. खरेदीदारानं यायचं, रुमालाखाली हात घालायचा आणि अडत्याची बोटं दाबून आपला भाव सांगायचा. तोंडानं एक अक्षर नाही. तो गेला की दुसरा. सगळ्यांचे भाव एकट्या अडत्याला ठाऊक, आणि ज्याचा सौदा झाला त्याचं नाव तेवढं तो सांगणार. बाकी कुणी काय देऊ केलं, कोण कुठं मागं सरला, हे त्यानं जन्मात कुणाला सांगायचं नाही. पुढं उघड्या बोलीचे लिलाव आले, कायदे आले, तरी आमच्या ह्यांच्यासारख्या माणसांच्या अंगातून तो रुमाल काही गेला नाही. एकदा एका मोठ्या खरेदीदारानं सासऱ्यांची बोटं दाबली आणि माल उचलायच्या दिवशी 'मी नव्हेच' म्हणून मोकळा झाला. सासऱ्यांनी नुकसान सोसलं, पण त्या माणसाचं नाव शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाही. ही गोष्ट आमच्या घरात पोथीसारखी सांगितली जायची. हे ती हात जोडून सांगायचे. मला ऐकताना वाटायचं, अहो, त्या लबाडाची अब्रू सांभाळायचं काम तुम्हाला कुणी दिलं होतं?

माझी धाकटी बहीण आमच्याच तालुक्यात, टोकाच्या एका वाडीत दिली होती. स्थळ मीच सुचवलेलं, जवळ राहील म्हणून. दिवस भरत आले तशी ती माझ्याकडं आली. सकाळी कळा सुरू झाल्या. गावात सरकारी आरोग्य केंद्र होतं; दोन खोल्या, एक सिस्टर, आणि डॉक्टर त्यांच्या मनात येईल तेव्हा. सिस्टर बिचारी चांगली होती. तिनं हात लावून बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, मूल आडवं आहे. माझ्या हातात काही नाही. सांगलीला पळवा." वडापची, माणसं कोंबून फेऱ्या मारणारी, एक जीप मिळाली. बहिणीचं डोकं माझ्या मांडीवर. ती सारखी विचारत होती, "आक्का, कवा येतंय गं सांगली?" मी म्हणत होते, "आलंच बघ, आलंच." तासगावच्या अलीकडं तिनं विचारायचं बंद केलं. ड्रायव्हरनं जीप बाजूला घेतली, खाली उतरला आणि तोंड फिरवून उभा राहिला. मूलही गेलं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. अडलेल्या बाईचं ऑपरेशन करून मूल काढता येईल असा दवाखाना आमच्या गावात पाहिजे होता. मला दागिना नको होता, माडी नको होती.

पंच्याण्णवच्या निवडणुकीच्या आधी गावोगावची माणसं दुकानात येऊन बसायला लागली. "आवं, तुमी उभं ऱ्हावा. तुमच्या काट्यात कवा फरक न्हाई, तुमच्या शब्दात न्हाई. आमाला पुढारी नगं, मानूस पायजे." हे हसून चहा पाजायचे. दोन्ही पक्षांवर लोक वैतागले होते, आणि हळद घेऊन येणारा प्रत्येक शेतकरी ह्यांना ओळखत होता. मी मात्र हटून बसले. दुकान कोण बघणार, पोरींची लग्नं कोण करणार? तेव्हा ह्यांनी मला माजघरात बोलावलं आणि म्हणाले, "तू हो म्हण. निवडून आलो तर पहिलं काम तुझ्या दवाखान्याचं. दुसऱ्या कशाला हात लावणार नाही." खरं सांगते, त्या एका वाक्यावर मी विरघळले. नुसतं हो म्हणून थांबले नाही, तर पदर खोचून बाहेर पडले. वाडीवाडीत बायकांच्या बैठका घेतल्या. बहिणीची गोष्ट सांगितली. "ह्यांना निवडून द्या, पुढच्या बाळंतिणीला जीपमध्ये मरावं लागणार नाही," असं मी देवळाच्या पायरीवर उभी राहून बोलले. माझा आवाज त्या घराच्या उपयोगी पडला तो पहिल्यांदाच. बायका रडायच्या, आणि मला पण रडू यायचं. हे अपक्ष म्हणून चांगले निवडून आले.

त्या साली कुणालाच बहुमत नव्हतं, त्यामुळं अपक्षांना एकदम भाव आला. मुंबईहून गाड्या यायला लागल्या. बाकीचे अपक्ष चांगले पोहोचलेले होते. कुणी महामंडळ मागितलं, कुणी आपल्या तालुक्याची कामं सही-शिक्क्यानिशी लिहून घेतली, वर पेपरवाल्यांना बोलावून वाचूनही दाखवली. आमच्या ह्यांना एका मंत्र्यानं खोलीत एकट्याला बसवलं. ह्यांनी एकच गोष्ट मागितली. त्या मंत्र्यानं ह्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, दाबला आणि म्हणाला, "झाला म्हणून समजा." हे घरी आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच.

"झालं तुझं काम," म्हणाले.

मी विचारलं, "लिहून घेतलंत?"

ह्यांचं तोंड उतरलं. "अगं, हात दिलाय त्यानं. हात दिल्यावर लिहून काय मागायचं? त्याला काय वाटलं असतं?"

"त्याला काय वाटायचं ते वाटू दे की! बाकीच्यांनी घेतलंय ना लिहून?"

"ते पुढारी आहेत," हे म्हणाले. "मी व्यापारी आहे. आमच्यात हात दिला की सौदा पक्का."

मी पेढा खाल्ला. काय करणार? चौकात फटाके लागले. ह्यांनी स्टँडमागचा आमचा स्वतःचा माळ दवाखान्याला देऊन टाकला, तिथं नारळ फोडला, आणि मी त्या जागेवर हळदीकुंकू वाहिलं. बहिणीची सासू आली होती. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आता कुनाची लेक जायाची न्हाई गं बाई."

पुढची दोन वर्षं आमच्या घराचं स्टँड झालं होतं. सकाळी उजाडलं की दुकानासमोर माणसं. कुणाची विजेची डीपी जळाली, कुणाच्या वाडीला एसटी थांबत नाही, कुणाच्या मास्तराची बदली पाहिजे, कुणाला नको. हे गादीवर बसायचे, मागं हळदीची पोती, आणि येणाऱ्याचा अंगरखा पिवळा होऊन जायचा. माणसाचं काम करायला ह्यांनी कधी कंटाळा केला नाही, हे मी वैऱ्यासमोरही सांगेन. मुंबईत आमदार निवासातली ह्यांची खोली म्हणजे तालुक्याची धर्मशाळाच. मोठ्या दवाखान्यात कुणाचा पेशंट असला की त्याचे सगळे नातेवाईक ह्यांच्या खोलीत. पलंगावर ते, जमिनीवर हे. एकदा मी गेले तर मोरीत कुणाची तरी म्हातारी धुणं धूत होती आणि मलाच विचारत होती, "तुमी कुठल्या गं बाय? तुमचं बी मानूस ॲडमिट हाय का?" मी म्हटलं, "व्हय, लय वर्षांपासून." तिला काही कळलं नाही, पण मी त्या दिवशी पोट धरून हसले होते. तसं हसणं पुढं राहिलं नाही.

विधानसभेत मात्र हे तोंड उघडत नसत. बाकीचे आमदार उठून ओरडायचे, माईक ओढायचे, कागद फाडायचे. ह्यांना ते बघून लाज वाटायची. सभागृह संपलं की हे मंत्र्यांना गाठायचे, बाजूला घ्यायचे आणि हळू आवाजात काम सांगायचे. छोटी कामं तशी व्हायचीही. त्यामुळं ह्यांना वाटलं की मोठंही होईल. मी विचारायचे, "आपल्या दवाखान्याचं काय?" हे म्हणायचे, "त्याच्या डोक्यात आहे ते."

मग एक दिवस पेपरात आलं. मंजूर झालेला ग्रामीण दवाखाना शेजारच्या तालुक्यात, ऑपरेशन थिएटरसकट. तिथल्या आमदारानं म्हणे सभागृहात ठाण मांडलं होतं, पाठिंबा काढून घेईन म्हणाला होता. मी तो पेपर घेऊन दुकानात गेले. सासू-सासरे हयात असते तर असलं धाडस बघून बेशुद्धच पडले असते. ह्यांनी वाचलं, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला गेले. परत आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"काय म्हणाला?"

"पुढच्या वर्षी नक्की. हात दिलाय."

राग आला की माझी माहेरची भाषा बाहेर पडते. मी म्हणाले, "आवं, किती येळा हात देतोय त्यो? पयला हात कुठं गेला?"

ह्यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि जेवायला बसले. 

पुढच्या वर्षीही काही आलं नाही, आणि त्याच्या पुढच्याही. स्टँडमागच्या माळावर बाभळी वाढल्या. लोक बोलायला लागले. आधी हळू, मग चहाच्या टपरीवर, मग आमच्या तोंडावर. 'आमदारानं दवाखाना विकला' असं कुणीतरी उठवलं, आणि ते पसरलं. शेजारच्या तालुक्याला देऊन ह्यांनी आपलं काहीतरी साधून घेतलं, असं म्हणे. ज्या माणसानं स्वतःची जागा दिली त्याच्याबद्दल हे! माझ्या अंगाची लाही व्हायची. मी ह्यांना म्हणाले, "सांगा की लोकांना. अमक्या मंत्र्यानं, अमक्या खोलीत, माझा हात धरून शब्द दिला आणि मोडला. नाव घ्या त्याचं."

"रुमालाखालचं बाहेर बोलायचं नसतं," हे म्हणाले.

"त्यो मंत्री हाय, हळदीचं गिऱ्हाईक न्हवं!"

"कुणी का असेना. त्यानं हात सोडला म्हणून मी माझं सोडू?"

म्हणजे बघा. शब्द मोडणारा मुंबईत लाल दिव्याच्या गाडीत फिरतोय आणि त्याची लाज झाकायला आमचा माणूस गावात शिव्या खातोय. ह्याला सचोटी म्हणायचं की काय म्हणायचं, मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. माझ्या मते ती भित्रेपणाची चांगली धुतलेली इस्त्रीची घडी होती.

मग मीच सांगायचं ठरवलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात बायका जमल्या होत्या. वाण देता देता मी सगळं सांगितलं. मंत्र्याचं नाव, त्याची खोली, त्यानं दाबलेला हात.  एकजण म्हणाली, "आगं बया, आन आमी तुमास्नीच शिव्या देतोय." मला इतकं हलकं वाटलं! दुसऱ्या दिवशी त्यांचे नवरे, दहा-बाराजण, दुकानात आले. मी आतून चहाचा ट्रे घेऊन येत होते. त्यातल्या म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, "आवं आमदार, वहिनी म्हनत्यात त्या मंत्र्यानं तुमाला सबूद दिलता. खरं का ओ ते?"

हे हसले. "छे छे. तसं काही नाही. बायकांना राजकारणातलं काय कळतंय? कानावर काहीतरी पडतं, त्याचं काहीतरी करतात."

मी ट्रे तिथंच पोत्यावर ठेवला आणि आत निघून गेले. चहा कुणी प्यायला की नाही मला ठाऊक नाही. गावानं मला खोटारडी ठरवलं, आणि ठरवलं ते माझ्या नवऱ्याच्या साक्षीनं. त्यानंतर कितीतरी दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढून ठेवायचे आणि निघून जायचे. हे एकदा म्हणाले, "अगं, माझा नाइलाज होता." मी भिंतीकडं बघून म्हणाले, "माझ्या बहिणीचा पण."

आमची थोरली सांगलीत दिलेली. तिच्या सासऱ्यांचा कुपवाडला छोटा कारखाना, माणसं साधी आणि चांगली. तिला पहिल्यांदा दिवस गेले. सातव्या महिन्यात त्यांनी डोहाळजेवण केलं. घर भरलेलं, पोरगी हिरव्या साडीत, हे जावयाच्या वडिलांशेजारी मानानं बसलेले. ओटी भरून झाली तशी विहीणबाई म्हणाल्या, "आता तुमची लेक तुमच्या स्वाधीन. कधी नेताय माहेरी?" पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडं विचारायचीही गोष्ट नसते. कोणत्या दिवशी नेणार एवढंच विचारायचं असतं.

मी म्हणाले, "विहीणबाई, मी नेत नाही. बाळंतपण तुमच्याकडंच करा. तुमच्या सांगलीत दवाखाने आहेत. आमच्या गावात नाही."

 पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिनं किती बेत केले होते. माझ्या हातचा डिंक, आळीव, दुपारची झोप. विहीणबाई गोंधळल्या, त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे खाली मान घालून बसले होते, कान लाल झालेले. परतीच्या वाटेवर गाडीनं कवठे मागं टाकलं. मग हे म्हणाले, "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस."

मी म्हणाले, "तासगाव सोडलं की गाडी थांबवायला सांगू का? माझी बहीण कुठं गेली ती जागा दाखवते. मग अब्रूचं बोलू."

थोरली सांगलीत बाळंत झाली. तिचंही ऑपरेशनच करावं लागलं. मूल मोठं होतं, वाट देत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात." मी तिथल्या बाकावर बसून रडले. माझी लेक वाचली ती तिच्या सासरच्या पुण्याईनं, माहेरच्या आमदारकीनं नव्हे. आणि गावात काय झालं माहीत आहे? "वहिनींनी लेकीला आनलं न्हाई, मग आमी कशाला धोका घ्यू?" असं म्हणत ज्यांचं ज्यांचं जमत होतं त्यांनी लेकींना पहिल्या बाळंतपणाला आणायचं सोडलं. ज्यांचं जमत नव्हतं त्या बायका वडापनंच जात राहिल्या. काही पोहोचल्या, काही नाही. दरवेळी कुणीतरी येऊन मला सांगायचं, जणू माझ्याच दारात त्याची वर्दी द्यायची पद्धत पडली होती.

पुढची निवडणूक लागली. ह्यांनी पुन्हा अर्ज भरला. मी आदल्या दिवशी ह्यांना स्पष्ट सांगितलं, "उद्या बाजारतळावर सभा आहे. तो मंत्री तुमच्या प्रचाराला येतोय. त्याच्या देखत दवाखान्याचं बोला. लोकांना सांगा, त्यालाही विचारा. बोललात तर मी पुन्हा पदर खोचते. नाही बोललात तर माझं मत नाही."

हे म्हणाले, "बघू."

दुपारची सभा, ऊन मी म्हणत होतं, तरी माणूस दाटून बसलं होतं. मी बायकांच्या रांगेत पुढं. मंत्री आला, हार पडले, तो बोलायला उठला. ह्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "तुमच्या आमदारांसारखा निःस्वार्थी माणूस मी राजकारणात बघितला नाही. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलंच नाही!"

टाळ्या पडल्या. सगळ्या नाहीत, पण पडल्या.

मी ह्यांच्याकडं बघत होते. माईक दोन पावलांवर होता. एक वाक्य पुरे होतं: मागितलं होतं, साहेब, तुम्ही माझा हात धरला होता. ह्यांची नजर माझ्याकडं आली. त्यांना ते वाक्य येत होतं, मला दिसत होतं, ओठ हलले होते. मग त्यांनी मंत्र्याकडं वळून हात जोडले आणि मान झुकवली. मी रांगेतून उठले. शेजारच्या बायकांचे पाय तुडवत, सभेच्या मधून, सगळ्यांच्या देखत बाहेर पडले. ऊन डोळ्यांत जात होतं आणि मी मोठमोठ्यानं शिव्या देत चालले होते. बाजारपेठेतल्या सगळ्या दुकानदारांनी त्या ऐकल्या.

मतदानाला गेले. चिठ्ठी हातात घेतली, शिक्का उचलला, परत ठेवला, आणि कागदाची घडी घालून कोराच टाकला. हे पडले. चांगले सणसणीत पडले. निकालानंतर घरात पाहुणे नव्हते, चहा नव्हता, दारात चपला नव्हत्या. हे म्हणाले, "तू तरी मला दिलंस ना?"

"नाही," मी म्हणाले. "कुणालाच दिलं नाही. कोरा टाकला."

 मला वाटलं आता भांडतील. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण भांडायला तोंड उघडावं लागतं. ते उठले आणि दुकानात गेले.

आणि मग, दुसऱ्या वर्षी, धाकटीचं लग्न ठरलं. साताऱ्याची माणसं बोलणी करायला आली होती. मुलाकडचे आठ-दहाजण, आमच्याकडचे चारपाच. मानपान झालं, तारखेचं झालं, हॉलचं झालं. सगळे हसतखेळत होते. मुलाची आत्या तोंडाळ होती, माझ्यासारखीच. ती म्हणाली, "बाकी काही नको हो आम्हाला. फक्त पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात सूट नाही!" सगळे हसले. धाकटी लाजून आत पळाली. मी बोलायला तोंड उघडलं, कारण ते बोलायचं काम माझंच होतं.

"नाही," हे म्हणाले.

मी वळून बघितलं. हे गादीवर ताठ बसले होते, आवाज असा की बाहेर ओट्यावर ऐकू जावा. इतक्या मोठ्यानं हे आमच्या लग्नाच्या पंगतीतही बोलले नव्हते.

"नाही, आत्याबाई. आमच्या गावात बाळंतपणाचा दवाखाना नाही. एका मंत्र्यानं मला देतो म्हणून शब्द दिला होता, हातात हात घेऊन. त्यानं दिला नाही आणि मी कधी कुणाला सांगितलं नाही." आणि त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं. आडनावासकट.

कुणाला काही कळलं नाही. साताऱ्याची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना त्या मंत्र्याशी काय देणंघेणं? तोही त्याच निवडणुकीत पडला होता. आत्या सावरून घेत म्हणाली, "पण तुम्ही तर आमदार होता ना?"

"होतो," हे म्हणाले.